चेन आणि स्प्रॉकेट बदलताना: दातांचा हिशेब आणि कामाचा क्रम

मोटरसायकलची चेन बदलायची वेळ आली की पुढचे छोटे आणि मागचे मोठे अशी दोन्ही स्प्रॉकेट, म्हणजे चेन ज्यांवर फिरते ती दातेरी चक्रे, तिच्यासोबतच बदलावीत, हा नियम खर्च वाचवण्यासाठी मोडू नये. चेनच्या प्रत्येक जोडातली पिन आणि तिच्याभोवतीचे बुश घासून झिजतात आणि शंभरेक जोडांतली ही बारीक झीज एकत्र होऊन चेनची लांबी वाढते. लांब झालेली चेन दातांच्या तळाशी न बसता टोकाकडे चढते, त्यामुळे दात एका बाजूला वाकल्यासारखे आकड्याच्या आकाराचे होतात. अशा दातांवर नवी चेन चढवली, तर तीही वेळेआधी संपते.

झीज मोजायला साधी मोजपट्टी पुरते. चेन ताणून धरावी आणि एका पिनच्या मध्यापासून (ती पिन न मोजता) पुढच्या विसाव्या पिनच्या मध्यापर्यंतचे अंतर घ्यावे. शंभर-दीडशे सीसीच्या बहुतेक गाड्यांना 428 क्रमांकाची चेन असते. तिचा पिच, म्हणजे दोन पिनांमधले अंतर, 12.7 मिलिमीटर असल्याने नव्या चेनमध्ये हे माप 254 मिलिमीटर भरते. 520 क्रमांकाच्या चेनचा पिच 15.875 मिलिमीटर असल्याने तिथे ते 317.5 मिलिमीटर येते. वाढ दोन टक्क्यांवर, म्हणजे अनुक्रमे सुमारे 259 आणि 324 मिलिमीटरवर गेली, की चेन संपली असे समजावे. गाडीच्या पुस्तिकेत याहून कमी मर्यादा दिली असेल, तर तीच पाळावी. माप तीन-चार ठिकाणी घ्यावे, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. कोकणातल्या पावसाळ्यात तांबड्या चिखलातून रोज चालणाऱ्या गाडीच्या चेनमध्ये हा फरक लवकर दिसतो.

नवा संच मागवण्याआधी दातांची संख्या ठरवावी. उदाहरणादाखल चाकणच्या कारखान्यात बनणारी केटीएम ड्यूक 390 घेऊ. 2013 साली भारतात आलेल्या पहिल्या पिढीच्या या गाडीला पुढे 15 आणि मागे 45 दात आहेत. मागच्या दातांना पुढच्यांनी भागले की 3 हे गुणोत्तर मिळते, म्हणजे पुढचे स्प्रॉकेट तीन वेळा फिरते तेव्हा चाक एकदा फिरते. पुढे 14 दात लावले तर गुणोत्तर 3.21 होते आणि प्रत्येक गिअरमध्ये चाकाला मिळणारा जोर सुमारे सात टक्क्यांनी वाढतो. त्याची किंमत अशी की पूर्वी ज्या वेगाला इंजिन मिनिटाला 6000 फेरे घेत होते, त्याच वेगाला आता ते सुमारे 6430 फेरे घेईल. पुढे 16 दात लावले तर गुणोत्तर 2.81 वर येते आणि तेच इंजिन 5625 फेऱ्यांवर चालते. या गाडीत पुढचा एक दात कमी करणे आणि मागचे तीन दात वाढवणे यांचा परिणाम जवळजवळ सारखाच असतो, म्हणून बारीक बदल हवा असेल तर तो मागच्या स्प्रॉकेटवर करावा.

ज्याला आंबेनळी किंवा वरंध्यासारख्या घाटांत सामान आणि सोबती घेऊन वारंवार चढायचे आहे, किंवा ज्याची गाडी शहराच्या कोंडीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच अडकते, त्याने पुढचा एक दात कमी करण्याचा विचार जरूर करावा. महामार्गावर मायलेज वाढेल या आशेने पुढचा दात वाढवण्याचा सल्ला मात्र मी लहान इंजिनाच्या गाडीला देणार नाही: समोरून वारा लागला किंवा मागे माणूस बसला की 125 सीसीचे इंजिन शेवटच्या गिअरमध्ये ओढ धरत नाही, पुन्हा पुन्हा खालचा गिअर टाकावा लागतो आणि वाचेल असे वाटलेले पेट्रोल तिथेच खर्च होते. कंपनीने दिलेले गुणोत्तर बहुतेकांसाठी योग्यच असते, आणि बदल करायचाच असेल तर पुढे एका दाताच्या पलीकडे जाऊ नये. पुढचे स्प्रॉकेट फार लहान केले की चेनला अधिक तीव्र वळण घ्यावे लागते आणि स्विंगआर्मवरचे, म्हणजे मागचे चाक धरणाऱ्या दांड्यावरचे, रबर किंवा प्लास्टिकचे रक्षक घासले जाते. काही गाड्यांचा स्पीडोमीटर गिअरबॉक्सवरून वेग घेतो. तिथे दात बदलल्यावर काटा चुकीचा वेग दाखवतो. वेग पुढच्या चाकावरून घेतला जात असेल तर हा प्रश्न येत नाही.

दात बदलल्याने चेनची गरजेची लांबीही बदलते. एकूण एक दात कमी झाला की मागचा एक्सल, म्हणजे चाकाचा आस, पाव पिच, म्हणजे 520 चेनमध्ये सुमारे चार मिलिमीटर, मागे घ्यावा लागतो. मागे तीन दात वाढवले तर तो सुमारे बारा मिलिमीटर पुढे येतो. ॲडजस्टरमध्ये, म्हणजे एक्सल मागे-पुढे सरकवणाऱ्या भागात, तेवढी जागा आहे का, हे आधी पाहावे.

आता प्रत्यक्ष काम. गाडी डबल स्टँडवर किंवा मागच्या पॅडॉक स्टँडवर घट्ट उभी करावी, इंजिन बंद ठेवावे आणि शेवटपर्यंत ते सुरू करू नये. इंजिन चालू ठेवून फिरत्या चेनला कापड किंवा ब्रश लावण्याची सवय अनेकांना असते. बोट चेन आणि स्प्रॉकेटच्या मध्ये सापडले तर ते तुटते, इतके हे धोक्याचे आहे.

सर्वात महत्त्वाचा क्रम असा की पुढच्या स्प्रॉकेटचा नट जुनी चेन जागेवर असतानाच ढिला करावा. लहान गाड्यांत हे स्प्रॉकेट दोन छोट्या बोल्टांच्या पट्टीने धरलेले असते आणि ते सहज निघते, पण मोठ्या गाड्यांत तिथे एक मोठा, जोरात आवळलेला नट असतो. त्याच्या लॉक वॉशरची दुमडलेली कड आधी सरळ करावी, मदतनिसाला मागचा ब्रेक दाबून धरायला सांगावे आणि मग पाना फिरवावा. चेन काढून टाकल्यावर स्प्रॉकेट अडवायला काहीच उरत नाही.

त्यानंतर एक्सलचा नट सैल करून चाक पुढे सरकवावे. चेनची दोन टोके जोडणारे लॉक क्लिपचे असेल तर पक्कडीने क्लिप सरकवून काढावी. रिव्हेटची, म्हणजे पिनचे डोके चेपून जोडलेली, चेन असेल तर पिनचे डोके ग्राइंडरने घासून चेन ब्रेकरने पिन बाहेर ढकलावी. पूर्ण कव्हर असलेल्या गाडीत जुन्या चेनच्या टोकाला नवी जोडून हळूच ओढली, की नवी चेन आपोआप जागेवर येते. पुढचे स्प्रॉकेट तेव्हा बदलायचेच असल्याने नवी चेन त्यावरून नंतर सावकाश फिरवून घ्यावी. चाक बाहेर काढल्यावर मागच्या हबमधली ड्रम रबरे (चेनचे झटके शोषणारी) आणि बेअरिंग तपासावीत. रबरे चेपली असतील तर आत्ताच बदलावीत. मागच्या स्प्रॉकेटचे बोल्ट समोरासमोरच्या जोडीने, पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कवर, म्हणजे आवळण्याच्या जोरावर, आवळावेत.

नवे लॉक बसवताना क्लिपची बंद बाजू चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला ठेवावी, म्हणजे वाटेत काही आदळले तरी क्लिप निघत नाही. ओ-रिंगच्या, म्हणजे पिनांभोवती रबरी रिंगा असलेल्या, चेनमध्ये लॉकच्या चारही रिंगा आणि सोबतचे ग्रीस वगळू नये.

चेनचा सैलपणा खालच्या पट्ट्याच्या मध्यावर चेन वर-खाली हलवून मोजतात आणि अनेक प्रवासी गाड्यांत तो 25 ते 30 मिलिमीटर असतो. चाक फिरवून चेन जिथे सर्वात ताठ लागेल, तिथे हे माप घ्यावे. जरा जास्त सैल चेन चालेल, पण ताठ चेन नको: गाडीवर वजन आले की पुढचे स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा पिव्हट (तो ज्याभोवती वर-खाली हलतो तो बिंदू) आणि मागचा एक्सल एका रेषेत येतात, तेव्हा चेन सर्वाधिक ताणली जाते आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर भार पडतो. चाक सरळ आहे का, यासाठी स्विंगआर्मवरच्या खुणांवर पूर्ण विसंबू नये; दोन्ही बाजूंनी पिव्हटच्या मध्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजून ते सारखे करावे. एक्सलचा नट आवळल्यावर सैलपणा पुन्हा तपासावा, कारण आवळताना तो बदलतो. नट सुटू नये म्हणून लावलेली कॉटर पिन असेल तर ती नवी घालावी.

नवी चेन पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये थोडी बसते, म्हणून सुमारे 500 किलोमीटरनंतर सैलपणा पुन्हा पाहावा. तेव्हाच रॉकेल आणि मऊ ब्रशने ती पुसून, पूर्ण कोरडी करून, आतल्या कडेला 90 नंबरचे गिअर ऑइल किंवा चेन स्प्रे द्यावा. ओ-रिंगच्या चेनसाठी स्प्रे त्या रिंगांना चालणारा असावा. त्या रिंगांना तारेचा ब्रश आणि पेट्रोल मात्र कधीच लावू नये.