सह्याद्रीत आडवाटेला जाताना डिजिटल नकाशे आणि जीपीएस अ‍ॅप निवडण्यातल्या या चुका टाळा

मुंबईहून पहाटे निघून कल्याण, मुरबाड मागे टाकले की टोकावड्याच्या पुढे फोनची रेंज जाऊ लागते, आणि आपल्या फोनमधला नकाशा म्हणजे नुसती करडी चौकट आहे हे अनेकांच्या तेव्हा लक्षात येते. ‘जीपीएस बंद पडले’ ही तक्रार बहुधा याच जागी सुरू होते. प्रत्यक्षात उपग्रहांचे संकेत घ्यायला नेटवर्क लागत नाही. निळा ठिपका बरोबर जागी असतो, त्याच्याखालचा नकाशा तेवढा डाउनलोड केलेला नसतो. गूगल मॅप्समध्ये परिसर उतरवून घेतला तरी ऑफलाइन असताना गाडीचा मार्ग मिळतो, पायी चालण्याचा मिळत नाही, हेही आधीच माहीत असलेले बरे. म्हणून आदल्या रात्री फोन एअरप्लेन मोडवर टाकून, जिथे जायचे तो भाग पूर्ण मोठा करून पाहावा आणि तिथे पायवाटा खरोखर दिसतात का, याची खात्री करावी. रेंज नसताना पहिला ठिपका उमटायला वेळ लागला तर अ‍ॅपला दोष न देता मोकळ्या आकाशाखाली दोन-चार मिनिटे थांबावे.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र निवडीच्या वेळीच होते: आपण अ‍ॅप निवडतो, नकाशा निवडत नाही. ओस्मअँड आणि ऑरगॅनिक मॅप्स ही दोन्ही अ‍ॅप २००४ साली सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या स्वयंसेवकांनी बनवलेल्या खुल्या नकाशाच्या माहितीवर चालतात. एकात वाट चुकीची काढलेली असेल तर दुसऱ्यातही ती तशीच असणार, त्यामुळे ‘दोन अ‍ॅपमध्ये तपासले’ म्हणणे म्हणजे एकाच माणसाला दोनदा विचारण्यासारखे आहे. खरी पडताळणी हवी असेल तर उपग्रहचित्र किंवा भारतीय सर्वेक्षण विभागाचे टोपोशीट, म्हणजे डोंगर-दऱ्या दाखवणारा सविस्तर नकाशा, शेजारी ठेवावे. मात्र जुनी टोपोशीट एव्हरेस्ट डेटमवर (डेटम म्हणजे अक्षांश-रेखांश मोजण्याचा पाया) आहेत आणि जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या वेगळ्या डेटमवर चालते. टोपोशीटवरचे अक्षांश-रेखांश न बदलता अ‍ॅपमध्ये भरले तर ठिपका सुमारे शंभर मीटर सरकतो, आणि धारेवर शंभर मीटर म्हणजे थेट दरी असू शकते.

समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या समोच्चरेषांवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये. अनेक मोफत नकाशांतील उंचीची माहिती फेब्रुवारी २००० मधील स्पेस शटलच्या रडार मोहिमेतून आलेली आहे आणि तिच्यात साधारण ३० मीटर लांबी-रुंदीच्या जमिनीच्या तुकड्याला एकच उंची दिलेली असते. उभा कडा त्यात घोटून गुळगुळीत होतो आणि नुसत्या चढासारखा दिसतो. बेलपाडा आणि पाचनई ही गावे सरळ रेषेत अगदी जवळ दिसतात, पण मध्ये हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा उभा आहे. गाडीला माळशेज घाट चढून भलामोठा वळसा घालूनच पलीकडे जावे लागते. सरळ रेषेतले अंतर पाहून वेळेचा अंदाज बांधणाऱ्यांची संध्याकाळ अशीच रस्त्यात जाते.

अक्षांश-रेखांश भरतानाची चूक मी स्वतः केली आहे. मित्राने फोनवर गडाचा अक्षांश ‘१९ अंश २३.४ मिनिटे’ असा सांगितला आणि मी घाईत १९.२३४ असे टाइप केले. दशांश पद्धतीत तो आकडा १९.३९ व्हायला हवा होता. फरक ०.१५६ अंशांचा, आणि अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरांचा, म्हणजे आमचे ठिकाण तब्बल १७ किलोमीटर दक्षिणेला, जुन्नरच्या बाजूला सरकले होते. अ‍ॅपने काहीच तक्रार केली नाही. त्याच्या दृष्टीने दोन्ही आकडे बिनचूक होते. तेव्हापासून बिंदू टाकला की तो नकाशावर कोणत्या गावाजवळ पडतो हे पाहिल्याशिवाय मी गाडी सुरू करत नाही.

कोणी पाठवलेली जीपीएक्स फाइल (जीपीएसवरची वाट साठवणारी फाइल) उघडल्यावर मार्ग भलतीकडूनच जाताना दिसला, तर त्या फाइलमध्ये ट्रॅक आहे की रूट, हे तपासावे. ट्रॅकमध्ये प्रत्यक्ष चाललेल्या वाटेचे शेकडो बिंदू असतात. रूटमध्ये मोजकेच थांबे असतात आणि काही सॉफ्टवेअर त्यांच्यामधली वाट स्वतःच्या नकाशातल्या रस्त्यांवरून नव्याने आखतात. आडवाटेसाठी ट्रॅकच मागून घ्यावा. जे अ‍ॅप जीपीएक्स आत घेत नाही किंवा बाहेर देत नाही, ते कितीही देखणे असले तरी या कामाचे नाही.

गिरगाव चौपाटीवर उभे असताना एखाद्या अ‍ॅपने उंची उणे साठेक मीटर दाखवली तर घाबरू नये. ते समुद्रसपाटीऐवजी लंबगोलापासूनची, म्हणजे पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची उंची दाखवत असते आणि सेटिंगमध्ये हा फरक दुरुस्त करता येतो. नोंदवलेला ट्रॅक मध्येच तुटत असेल तर फोनच्या बॅटरी सेव्हरने अ‍ॅप झोपवलेले असते. दिशादर्शक बाण उलटसुलट फिरत असेल तर आधी फोन डॅशबोर्डवरच्या चुंबकी होल्डरमधून काढून पाहावा.

नकाशावर वाट दिसते म्हणून ती गाडीसाठी खुली आहे असे नाही. कळसूबाई-हरिश्चंद्रगड आणि भीमाशंकर ही अभयारण्ये आहेत. नकाशाची रेघ ही वनविभागाची परवानगी नव्हे. उपग्रहामार्फत संदेश पाठवणारे परदेशी जीपीएस यंत्र मागवण्याचा विचार असेल, तर भारतात ते दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय वापरता येत नाही, हे पैसे भरण्यापूर्वी ध्यानात घ्यावे.