नाताळच्या ओपन हाऊसचं बुफे टेबल: सजवताना या चुका टाळा

ओपन हाऊसला पाहुणे एकदम येत नाहीत. तीन-चार तास ये-जा चालू असते. संध्याकाळी सहाला आलेल्यांना टेबल जसं दिसलं, जवळपास तसंच ते नऊला येणाऱ्यांनाही दिसायला हवं. बहुतेक टेबलं मात्र पहिल्या फोटोपुरती सजवली जातात. वाढून घेणाऱ्या हातांचा विचार राहून जातो आणि पहिल्या तासातच सगळं विस्कटतं.

आधी सजावट, मग पदार्थ

सगळ्यात जास्त त्रास देणारी चूक हीच. फांद्या, गोळे, रिबनी मांडून झाल्यावर कळतं की मोठ्या भांड्याला जागाच उरलेली नाही. क्रम उलटा करा. आदल्या रात्री मेजपोश घालून रिकामी भांडी आपापल्या जागी ठेवा. प्रत्येकात पदार्थाचं नाव लिहिलेली चिठ्ठी आणि वाढायचा चमचा टाका. दोन भांड्यांमध्ये वीतभर अंतर सोडा, कारण वाढून घेताना हातातली प्लेट क्षणभर तिथेच टेकवली जाते. यातून जी जागा उरेल तेवढीच सजावटीची.

सगळं एकाच पातळीवर, किंवा नको ते उंचावर

टेबल भिंतीला लागून असेल तर मागची रांग 25 ते 30 सेंमी उंच, मधली साधारण 15 सेंमी आणि पुढची सपाट ठेवा. दोन्ही बाजूंनी वाढून घ्यायचं असेल तर उंची मधोमध घ्या आणि चारी बाजूंनी फिरायला निदान 90 सेंमी वाट मोकळी ठेवा. उंचीसाठी लाकडी खोकी किंवा जाड पुस्तकांचे गठ्ठे मेजपोशाखाली लपवता येतात. पुठ्ठ्याच्या खोक्यावर काचेचं भांडं ठेवू नका. खोक्याचा वरचा भाग भांड्याच्या बुडापेक्षा मोठा हवा. कोपरे हाताने दाबून पाहा, जरा जरी डुगडुगलं तर ते बदला.

उंचावर कोरडे, हलके पदार्थ ठेवायचे: कुकीज, ब्रेड, केकचे तुकडे. सूप, सॉस आणि गरम भांडी नेहमी खाली आणि कडेजवळ. खोल भांडं वर गेलं की आतलं दिसत नाही, मग पळी अंदाजाने उचलली जाते आणि ओघळ थेट सजावटीवर येतो.

फांद्या आणून लगेच मांडणं

तोडलेल्या फांदीला पाणी मिळत नाही. उबदार खोलीत, त्यातही गरम भांड्याशेजारी, ती लवकर वाळते आणि पाइन-फरची सुईसारखी पानं (सुया) अन्नात पडायला लागतात. देठ 2 सेंमी तिरके कापून फांद्या रात्रभर गार जागी पाण्याच्या बादलीत ठेवा. सकाळी धुऊन, झटकून, पूर्ण कोरड्या झाल्यावरच मांडा. खाली बेकिंग पेपरची पट्टी घातली की मेजपोशावर डिंकाचे डाग पडत नाहीत.

एका बाबतीत अजिबात सूट घेऊ नका. नाताळच्या सजावटीत वापरल्या जाणाऱ्या होली आणि मिसलटो या झाडांची फळं विषारी असतात, यू या झाडाचंही तेच. अशी छोटी फळं मुलांना खाऊच वाटतात, म्हणून अन्नाच्या टेबलावर ती खोटीच वापरा. पॉइन्सेटिया या लाल पानांच्या झाडाच्या चिकाने त्वचेची आग होऊ शकते, त्यामुळे ती कुंडीसकट बाजूच्या स्टुलावर बरी. चमकी आणि नकली बर्फ या टेबलावर नकोच. पंख्याच्या वाऱ्याने ते उडून प्लेटमध्ये जातात.

हात जाईल तिथे मेणबत्ती

भांड्यांच्या मध्ये पेटती मेणबत्ती ठेवली की कोणाची तरी बाही तिच्यावरून जाणारच. टेबलावर बॅटरीच्या मेणबत्त्या वापरा. खऱ्या हव्या असतील तर त्या दूरच्या कपाटावर, फांद्यांपासून लांब. सुगंधी मेणबत्ती जेवणाच्या खोलीतच नको, ती पदार्थांचा वास मारून टाकते. भांड्याखाली बर्नर असेल तर त्याच्याजवळ रिबन, कागद, फांदी काहीच येऊ देऊ नका.

रांग अडते आहे?

प्लेट्स सुरुवातीला, काटे-चमचे आणि नॅपकिन शेवटी. सुरुवातीलाच चमचे दिले तर वाढून घ्यायला हात उरत नाही. पेयं दुसऱ्या टेबलावर, खोलीच्या दुसऱ्या टोकाला. वायरवाल्या माळा वाटेतून नेऊ नका.

लाल मेजपोश, लाल भांडी, लाल फुलं

यात अन्न हरवतं. मेजपोश पांढरा किंवा फिका ठेवा. लाल-हिरवा रंग फांद्या आणि रिबनीत पुरेसा येतो.

अर्धवट रिकामी थाळी तशीच राहणं

मोठी थाळी अर्धी झाली की कितीही सुंदर टेबल उष्टं वाटतं. उरलेल्यावर नवं ओतू नका. पदार्थ सुरुवातीपासूनच छोट्या थाळ्यांत लावा आणि संपत आली की थाळीच बदला. खोलीच्या तापमानात ठेवलेले नाशवंत पदार्थ दोन तासांत उचलायचेच असतात, गरम पदार्थ 60 अंश सेल्सियसच्या वर आणि थंड 5 अंशांच्या खाली ठेवता येत असतील तरच जास्त वेळ चालतात. थाळी बदलताना ओल्या फडक्याने जागा पुसा, पडलेल्या सुया वेचा आणि चमचाही नवा ठेवा.