जुन्या गाडीचा अधूनमधून येणारा आवाज शोधताना या चुका टाळा

"मिस्त्री, गाडीला आवाज येतोय, जरा बघून ठेवा." एवढं बोलून टेबलावर चावी ठेवून जाणारी माणसं मला दर आठवड्याला भेटतात. संध्याकाळी फोन येतो, "सापडला का?" मी दोन फेऱ्या मारलेल्या असतात, आवाज एकदाही आलेला नसतो. मग मिस्त्रीला काही कळत नाही असं ठरतं आणि गाडी पुढच्या गॅरेजला जाते. कराडमध्ये वीस वर्षं हेच बघतोय.

सतत येणारा आवाज शोधायला फार डोकं लागत नाही. मध्येच येणारा आणि मध्येच गायब होणारा आवाज असेल, तर तो कुठून येतो हे विचारायच्या आधी कधी येतो हे विचारावं लागतं.

'कधी' न विचारता पार्ट बदलत सुटणं

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते, कारण तिच्यात लोकांचे कष्टाचे पैसे जातात.

एक निवृत्त शिक्षक २००८ ची छोटी हॅचबॅक घेऊन आले होते. सोबत तीन गॅरेजची बिलं. पुढचे दोन टायर नवे, अलाइनमेंट, दोनदा बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडून सारखं करणं), पुढच्या दोन्ही चाकांची बेअरिंग, दोन्ही लिंक रॉड. तरी गाडी कधी कधी अशी थरथरायची की सीटखाली कुणी ड्रिल मशीन धरल्यासारखं वाटायचं. त्यांनी जुने पार्ट मागून घेतले होते, हे फार चांगलं केलं. डिकीतली काढलेली बेअरिंग मी हातात धरून फिरवली. दोन्ही लोण्यासारखी फिरत होती.

सरांना शेजारी बसवून ओगलेवाडीपर्यंत जाऊन आलो. काहीच नाही. "नेमकं कधी होतं?" असं विचारलं तर म्हणाले, "काही नेम नाही हो." तेवढ्यात मागे बसलेल्या बाई म्हणाल्या, "लेकीकडे चिपळूणला जाताना होत नाही. येतानाच होतं."

त्या एका वाक्यात निम्मं काम झालं. कराडहून पाटण, कोयनानगर करत गेलं की कुंभार्ली घाट उतरून चिपळूण येतं. जाताना घाटात उतार, येताना खडी चढण. येताना गाडीत चार माणसं, डिकीत तांदूळ आणि नारळ, गिअर दुसरा-तिसरा, पाय ॲक्सलरेटरवर दाबलेला. म्हणजे थरथर येत होती ती गाडी ओढताना. चाकाचं बॅलन्सिंग बिघडलेलं असतं, तर ठरावीक वेगाला ते सपाट रस्त्यावरही जाणवलं असतं. चाकाला चढ-उतार कळत नाही. फक्त ओढताना थरथरणाऱ्या गाडीत बघायच्या गोष्टी तीनच: ॲक्सलचा (चाकाला जोर पोचवणाऱ्या दांड्याचा) आतला, गिअरबॉक्सकडचा जॉइंट, इंजिनाची फाउंडेशन (इंजिन ज्यांवर बसतं ते रबरी माउंट) आणि एखाद्या सिलिंडरचं मिसफायर (इंधन नीट न पेटणं).

गॅरेजमधली चार पोरं गाडीत बसवली आणि जवळच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये अर्धा ॲक्सलरेटर दिला. लगेच थरथर सुरू. पाय उचलला, बंद. पुन्हा दिला, पुन्हा सुरू. गाडी वर घेतली तर डाव्या ॲक्सलच्या आतल्या रबरी बूटची क्लिप ढिली होती आणि ग्रीस गिअरबॉक्सच्या अंगावर उडालं होतं. जॉइंट खोलून कप पुसला. आत रोलर जिथे चालतात त्या तिन्ही ठिकाणी चर पडले होते. नख फिरवलं तर अडकत होतं. ग्रीस कमी झालं की रोलर एकाच जागी घासून धातू खातात, मग जोर पडला की त्या चरात अडखळत चालतात. तीच ती थरथर. जॉइंट, बूट आणि ग्रीस मिळून आधीच्या बिलांच्या पाव हिश्शातही काम झालं.

तेव्हापासून मी प्रत्येकाला एकच सांगतो. डॅशबोर्डच्या कप्प्यात छोटी वही ठेवा. आवाज आला की गाडी थांबल्यावर लिहा: वेग किती, गिअर कुठला, पाय ॲक्सलरेटरवर, ब्रेकवर की कुठेच नाही, स्टीअरिंग वळवलेलं होतं का, इंजिन थंड की गरम, माणसं किती, पाऊस होता का. पाच वेळा आवाज येऊ द्या, पाच ओळी होतील. एवढा धीर नसेल तर जुनी गाडी घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मोबाइलवर दहा सेकंदांचा आवाज ऐकून "बेअरिंग गेलं" असं सांगणाऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही, तुम्हीही ठेवू नका.

इंजिनाचा आवाज आणि चाकाचा आवाज यांची गल्लत

सपाट, मोकळ्या रस्त्यावर ज्या वेगाला आवाज येतो त्या वेगाला जा आणि गाडी न्यूट्रल करा. इंजिनाचे फेरे कमी झाले तरी आवाज तसाच राहिला आणि वेगाबरोबर हळूहळू कमी झाला, तर चाक, टायर किंवा बेअरिंग. इंजिनाबरोबर लगेच पडला, तर इंजिनाकडे आणि सायलेन्सरकडे बघा. उभ्या गाडीत रेस केल्यावरही तोच आवाज आला तर चाकांचा विषय संपला. हे घाटात उतारावर कधीही करू नका. चावी तर अजिबात बंद करू नका. इंजिन बंद झालं की ब्रेकची मदत जाते आणि चावी काढली की स्टीअरिंग लॉक होऊ शकतं.

हाताच्या तळव्यालाही फरक कळतो. १५५/६५ आर १३ मापाचं चाक ताशी ८० किलोमीटरला सेकंदाला साधारण १३ वेळा फिरतं. इंजिन ३००० आरपीएमवर सेकंदाला ५० वेळा. म्हणून चाकाची थरथर जाड असते, इंजिनाची बारीक. स्टीअरिंग हलत असेल तर बहुधा पुढची चाकं, सीट हलत असेल तर मागची. फक्त ब्रेक दाबल्यावर हलत असेल तर डिस्क बघा, बॅलन्सिंगवर पैसे घालू नका.

गाडी चकाचक धुऊन आणणं

यामागे चांगली भावना असते हे मला माहीत आहे. पण रिमच्या आतल्या बाजूला उडालेलं ग्रीस, शॉकअपवरचा तेलाचा ओघळ, सायलेन्सर बॉडीला घासून पडलेला चकचकीत डाग यांवरूनच मला आवाजाचा माग लागतो. प्रेशरच्या पाण्याने हे सगळं निघून जातं. आधी दाखवा, मग धुवा.

एका गोष्टीसाठी मात्र पाणी मारायलाच हवं. पावसाळ्यात कोकणात जाऊन आलात की लाल चिखल रिमच्या आत बसतो आणि वाळून दगडासारखा होतो. दुसऱ्या दिवशी हायवेला स्टीअरिंग थरथरतं आणि माणूस बॅलन्सिंगला पळतो. चाक काढून आतून खरवडा. त्या चिखलावरच बॅलन्सिंग करून आणलेली गाडी मी पाहिली आहे. चिखल गळून पडला आणि थरथर परत आली.

डिकी रिकामी न करता खडखड शोधू नये. जॅक आणि पाना जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवा.

चाकातून घूंऽऽ असा आवाज वेगाबरोबर वाढत असेल, तर लांब वळणावर लक्ष द्या. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो, त्या वेळी आवाज वाढला तर बहुधा उजवं बेअरिंग. पण उंचसखल झिजलेला टायरही हुबेहूब असाच आवाज करतो. बेअरिंग मागवण्याआधी पुढची चाकं मागे लावून बघा. आवाज मागे गेला तर टायर. याला पैसे लागत नाहीत, तरी दहातला एकही जण करत नाही.

पूर्ण स्टीअरिंग कापून वळवताना कट-कट आलं तर ॲक्सलचा बाहेरचा, चाकाकडचा जॉइंट.

पावसाळ्यात सकाळी सुरू केल्यावर थोडा वेळ चिरकतो तो बहुतेकदा बेल्ट.

जॅकवर उचललेल्या गाडीखाली आवाज शोधायला शिरू नका. घोडी (गाडी पेलून धरणारा लोखंडी स्टँड) लावल्याशिवाय माझ्याकडची पोरं हातसुद्धा आत घालत नाहीत.

आणि दोन आवाजांना वही नको, वाट बघणं नको. चाक काढून बसवल्यानंतर एकदोन दिवसांत हळू वेगाला कट-कट किंवा डळमळ सुरू झाली, तर गाडी बाजूला घेऊन आधी नट तपासा. चाक बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळायची सवय मी कधी मोडली नाही. दुसरं, खड्ड्यात पुढून ठक्क असा आवाज येतोय आणि स्टीअरिंग एका बाजूला ओढतंय, तर बॉल जॉइंट (चाकाला सस्पेन्शनशी जोडणारा सांधा) सुटायला आलेला असू शकतो. तो सुटला की चाक आडवं होतं. तिथेच थांबा आणि फोन करा, टोइंग बोलावू.