बेसबॉलचा स्कोअर एका मोबाईलवरून दुसऱ्यावर कसा न्यायचा, आणि नेल्यावर तो बरोबर पोचलाय का ते कसं बघायचं

मॅच संपते, कोच म्हणतो स्कोअर मला पण टाक, आणि आपण काय करतो तर स्क्रीनशॉट काढून पाठवून देतो. दोन दिवसांनी तोच विचारतो, अरे तो नवीन पिचर आल्यावर आपल्या पोरांनी काय काय केलं होतं? आता ते स्क्रीनशॉटमध्ये कुठून दिसणार. म्हणून हा लेख. टॅबलेटवर स्कोअर लिहिलाय आणि फोनवर हवाय, किंवा माझ्या फोनवरून तुमच्या फोनवर न्यायचाय, किंवा मॅच चालू असताना बॅटरीने मान टाकलीय, तिन्ही वेळी काय करायचं ते सांगतो. अ‍ॅप कुठलंही असो, बटणांची नावं थोडी इकडेतिकडे असतील, बाकी सगळं सारखंच.

आधी ठरवा, पाठवायचंय काय

स्कोअर पाठवायचा म्हणजे तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात आणि बहुतेक गोंधळ इथेच होतो. एक म्हणजे चित्र, म्हणजे स्क्रीनशॉट किंवा पीडीएफ, जे फक्त बघायला. दुसरं म्हणजे बेरजा, कुणाचे किती हिट, किती रन, किती वॉक (पिचरच्या चार चुकीच्या बॉलमुळे फुकट मिळालेला बेस), हे बहुतेक सीएसव्ही, म्हणजे एक्सेलसारख्या शीटमध्ये उघडणाऱ्या, फाईलमधून येतं. आणि तिसरं म्हणजे घटना, पहिल्या पिचपासून (म्हणजे पिचरने टाकलेल्या पहिल्या बॉलपासून) शेवटच्या आऊटपर्यंत काय काय घडलं ते ओळीने.

माझं मत विचाराल तर जिथे जमेल तिथे घटनाच पाठवा. कारण असं की घटनांवरून बेरजा कधीही काढता येतात पण बेरजांवरून घटना काढता येत नाहीत. समजा तिसऱ्या इनिंगमधला एक हिट नंतर एरर, म्हणजे फिल्डरची चूक, ठरला, तर घटनांची फाईल असेल तर एक ओळ बदलली की बॅटरची सरासरी, पिचरचे अर्न्ड रन (फिल्डरच्या चुकीशिवाय दिलेले रन), फिल्डरच्या एरर सगळं आपोआप बदलतं. बेरजा असतील तर तीन ठिकाणी हाताने खोडाखोड करत बसा आणि चौथं ठिकाण विसरा. आणि हे काही क्वचित होत नाही हं, बेसबॉलच्या अधिकृत नियमांतच ऑफिशियल स्कोअररला असे निर्णय पक्के करायला मॅच संपल्यावर २४ तास दिलेले आहेत.

फाईल किती मोठी होईल याची काळजी करू नका. जुन्या मॅचेसचं रेकॉर्ड गोळा करणारी रेट्रोशीट नावाची संस्था १९८९ पासून हेच काम करतेय, त्यांचा फॉरमॅट म्हणजे साधा मजकूर आहे, प्रत्येक प्लेची एक ओळ, त्यात इनिंग, मग पाहुणा संघ असेल तर ० आणि यजमान असेल तर १, खेळाडूचा कोड, काउंट (बॅटरवर किती बॉल, किती स्ट्राइक झाले ते), पिचेस आणि शेवटी काय घडलं ते. अख्खी मॅच एका फोटोपेक्षाही कमी जागेत बसते. त्यामुळे नेट स्लो आहे हे कारण इथे चालत नाही.

पायरी १ : मॅचच्या आधी दोन्ही फोन एका रेषेत आणा

दोन्हीकडे अ‍ॅपचं व्हर्जन एकच आहे का बघा, नव्या व्हर्जनची फाईल जुन्यात उघडेलच असं नाही. मग रोस्टर, म्हणजे खेळाडूंची यादी. रोस्टर एकाच फोनवर बनवायचं आणि दुसऱ्याला पाठवायचं, दोघांनी वेगवेगळं टाईप करायचं नाही. कारण अ‍ॅपला माणूस कळत नाही, त्याला आतला एक आयडी कळतो, तुम्ही एकीकडे पूर्ण नाव लिहिलं आणि दुसरीकडे टोपणनाव, तर इम्पोर्ट केल्यावर एकाच पोराचे दोन खेळाडू तयार होतात, अर्धे हिट याच्या नावावर अर्धे त्याच्या. ते नंतर जोडत बसण्यासारखं कंटाळवाणं काम नाही.

आणि एक गोष्ट तोंडी ठरवून घ्या : लिहिणारा फोन एकच. बाकीचे सगळे बघणारे. अ‍ॅपमध्ये बघण्यापुरती परवानगी देता येत असेल तर तीच द्या, एकाच लॉगिनने दोन फोनवर एकच मॅच उघडून दोघांनी बटणं दाबायची नाहीत. दोन स्कोअरर हवेच असतील तर दुसऱ्याने कागदावर लिहावं, त्याचा उपयोग पुढे येतोच.

पायरी २ : रस्ता निवडा

नेट चांगलं असेल आणि अ‍ॅपचं स्वतःचं क्लाउड असेल तर तोच सोपा रस्ता. लिहिणाऱ्या फोनवर सिंक पूर्ण झालंय असं दिसेपर्यंत थांबा, मग दुसऱ्या फोनवर उघडा. घाई करून अर्ध्यात उघडलं की पाचव्या इनिंगपर्यंतचीच मॅच दिसते आणि वाटतं बाकीचं उडालं.

मैदानावर नेट नसेल तर दोन्ही फोन अ‍ॅपलचे असतील तर एअरड्रॉप, दोन्ही अँड्रॉइड असतील तर क्विक शेअर, ज्याला २०२४ च्या आधी निअरबाय शेअर म्हणायचे. या दोन्हींना जवळच्या फोनला फाईल द्यायला इंटरनेट लागत नाही, ब्लूटूथने एकमेकांना शोधतात आणि फाईल शक्यतो वायफायने थेट जाते, म्हणून नेट नसलं तरी ब्लूटूथ आणि वायफाय दोन्ही चालू ठेवावे लागतात. लोक इथे हमखास अडकतात, नेट नाही म्हणून वायफायच बंद करून टाकतात आणि मग समोरचा फोन दिसत नाही म्हणून ओरडतात. आयफोनवर पर्सनल हॉटस्पॉट चालू असेल तर एअरड्रॉपच्या वेळी तो बंद करा. समोरचा तुमच्या कॉन्टॅक्टमध्ये नसेल तर 'सगळ्यांकडून घ्या' हा पर्याय लावायला सांगा, तो १० मिनिटांनी आपोआप बंद होतो, त्यामुळे आधी फाईल तयार ठेवा आणि मग लावायला सांगा.

एक अँड्रॉइड आणि एक आयफोन असेल तर सगळ्यात बिनत्रासाचं म्हणजे अ‍ॅपमधून फाईल एक्सपोर्ट करून व्हॉट्सअ‍ॅप किंवा ईमेलने पाठवणं. व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. समोरच्याने त्यावर नुसतं टॅप करून काही होत नसेल तर आधी फोनमध्ये सेव्ह करायची, मग स्कोअरच्या अ‍ॅपमध्ये जाऊन इम्पोर्टमधून तीच निवडायची. फाईलच्या नावात तारीख आणि दोन्ही संघांची नावं टाका, आणि दुरुस्ती करून परत पाठवत असाल तर दोन, तीन असा आकडा. 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल खरंच' अशा नावांच्या फाईली मी स्वतः बनवलेल्या आहेत म्हणून सांगतोय.

पोरांची मॅच असेल तर कुणीही उघडू शकेल अशी पब्लिक लिंक बनवण्याआधी पालकांना विचारा, नाहीतर नावाऐवजी फक्त जर्सी नंबर ठेवा.

पायरी ३ : मॅच चालू असताना फोन बदलायचा असेल तर

हे सगळ्यात नाजूक काम. बॅटरी पाच टक्क्यांवर यायची वाट बघू नका, वीसच्या आसपास असतानाच ठरवा, आणि बदल हाफ इनिंग, म्हणजे एका संघाची बॅटिंगची पाळी, संपल्यावरच करा. तेव्हा बेस रिकामे असतात, आऊट शून्य असतात, काउंट नसतो, त्यामुळे चुकायला जागाच कमी. मध्येच करावं लागलं तर आधी कागदावर हे उतरवून घ्या : कितवी इनिंग, वरची (पाहुण्यांच्या बॅटिंगची) की खालची (यजमानांची) बाजू, किती आऊट, काउंट काय, कुठल्या बेसवर कोण, पुढचा बॅटर कोण, स्कोअर किती, आणि दोन्ही पिचर्सचा पिच काउंट.

पिच काउंट मुद्दाम वेगळा सांगतोय, तो गेला तर नुसता आकडा जात नाही. लिटल लीग या पोरांच्या बेसबॉलमध्ये ११-१२ वर्षांच्या पिचरला दिवसाला ८५ पिचेसची मर्यादा आहे, आणि तुमच्या नव्या फोनवर तो शून्यापासून सुरू झाला तर एखाद्या पोराच्या खांद्याशी खेळ होतो. तसंच बदली खेळाडूंचं, कोण आत आलं आणि कुणाच्या जागी, हे नव्या फोनवर आलंय का बघा.

मग फाईल पाठवा, नव्या फोनवर उघडा, कागदाशी ताडून बघा, आणि जुना फोन एअरप्लेन मोडवर टाका. ही शेवटची गोष्ट मी एकदा केली नव्हती. सहाव्या इनिंगनंतर टॅबलेट बंद पडला, फोनवर क्लाउडमधून मॅच उघडून पुढचं सगळं लिहिलं, मस्त झालं, घरी येऊन टॅबलेट चार्जिंगला लावला, तो चालू झाला, वायफायला जोडला गेला आणि त्याने शहाण्यासारखी आपली सहा इनिंगवाली मॅच क्लाउडवर चढवली, नव्या मॅचच्या उरावर. कागद होता म्हणून वाचलो, पण शेवटच्या तीन इनिंग परत टाईप कराव्या लागल्या. तेव्हा जुना फोन किंवा टॅबलेट परत नेटवर आणण्याआधी नव्या फोनवरून पूर्ण मॅचची एक फाईल एक्सपोर्ट करून बाजूला ठेवा, आणि जमलं तर जुन्यावरची अर्धी मॅच नेट बंद असतानाच डिलीट करा.

पायरी ४ : इम्पोर्ट

इम्पोर्ट करताना अ‍ॅप बहुतेक वेळा विचारतं की नवीन मॅच बनवू का आहे त्यात मिसळू. तीच मॅच आधीपासून तिथे असेल तर मिसळू नका, नवीन म्हणून घ्या, तपासा, आणि मग जुनी काढा. नाहीतर सीझनच्या आकड्यांत ती मॅच दोनदा मोजली जाते आणि एखाद्याचे अचानक दुप्पट होम रन होतात, त्याला आवडतं ते, पण चालत नाही.

सीएसव्ही घेऊन एक्सेल किंवा तत्सम शीटमध्ये उघडणार असाल तर जरा सावध. बेसबॉलमध्ये फिल्डरना नंबर असतात, पिचर १, कॅचर २, फर्स्ट बेस ३, सेकंड ४, थर्ड ५, शॉर्टस्टॉप ६, मग आऊटफिल्डला डावीकडून ७, ८, ९. शॉर्टस्टॉपने सेकंडला दिला, त्याने फर्स्टला, झाला ६-४-३ डबल प्ले. शीटला हे दिसतं तारीख म्हणून! ६-४-३ ची तारीख होते, ४-३ चा ग्राउंड आऊट पण तारीख, आणि ३-२ चा फुल काउंट पण तारीखच. आणि एकदा सेव्ह झालं की मूळ काय होतं ते परत मिळत नाही. म्हणून फाईलवर डबल क्लिक करू नका, शीटमधून इम्पोर्ट करा आणि कॉलमचा प्रकार टेक्स्ट निवडा. जर्सी नंबर पण टेक्स्टच, नाहीतर ०० आणि ० एकच होऊन बसतात.

पिचरच्या इनिंगचं पण असंच. ५.२ म्हणजे पाच इनिंग आणि दोन आऊट (तीन आऊटची एक इनिंग), दशांश नाही तो. एकाने ५.२ टाकल्या आणि दुसऱ्याने ३.१, तर झाल्या पूर्ण ९ इनिंग, पण शीट बेरीज करून ८.३ सांगते. यावर सोपा उपाय म्हणजे इनिंगऐवजी आऊट मोजा, १७ आणि १०, झाले २७.

अजून एक बारीकशी गोष्ट. स्ट्राइकआऊटला 'के' लिहितात, ही एकोणिसाव्या शतकातल्या हेन्री चॅडविकची देणगी, स्ट्रक या शब्दातलं शेवटचं अक्षर त्याने घेतलं. बॅट न फिरवता आऊट झाला तर कागदावर के उलटा काढतात. आता उलटा के साध्या कीबोर्डवर नाही, त्यामुळे एक्सपोर्टमध्ये कधी कधी दोन्ही सरळ केच होऊन येतात. तुमच्या कोचला हा फरक हवा असेल तर एक जुनी मॅच पाठवून आधीच बघून ठेवा.

पायरी ५ : ताळा करा

फाईल उघडली, फायनल स्कोअर बरोबर दिसला, झालं, असं म्हणून लोक सोडून देतात. पण मधली एखादी वॉक गायब असली तरी फायनल स्कोअर बरोबरच दिसू शकतो. यासाठी बॉक्स स्कोअरचा, म्हणजे मॅचच्या बेरजांच्या तक्त्याचा, ताळा करायची पद्धत नियमांतच दिलीय आणि ती इतकी छान आहे की मी आता कधीच सोडत नाही.

एका संघाचे अ‍ॅट बॅट (पुढच्या गोष्टी सोडून उरलेल्या बॅटिंगच्या पाळ्या), वॉक, हिट बाय पिच (बॉल अंगाला लागून मिळालेला बेस), सॅक्रिफाइस बंट, सॅक्रिफाइस फ्लाय (दोन्हींत बॅटर स्वतःची विकेट देऊन साथीदाराला पुढे सरकवतो) आणि अडथळ्यामुळे फर्स्ट बेस मिळालेले बॅटर, हे सगळं मिळवा. दुसऱ्या बाजूला त्याच संघाचे रन, बेसवर राहिलेले खेळाडू आणि समोरच्या संघाचे पुटआऊट (त्यांनी केलेले आऊट) मिळवा. दोन्ही आकडे सारखेच यायला पाहिजेत, कारण बॅटिंगला आलेला प्रत्येक जण एकतर रन करतो, नाहीतर बेसवर अडकतो, नाहीतर आऊट होतो, चौथी शक्यताच नाही.

उदाहरण घ्या. अ‍ॅट बॅट ३३, वॉक ४, हिट बाय पिच १, सॅक्रिफाइस बंट १, झाले ३९. रन ५, बेसवर राहिलेले ७, पुटआऊट २७, हे पण ३९. जमलं. यजमान संघ पुढे असल्याने नवव्या इनिंगची खालची बाजू खेळलीच गेली नसेल तर त्यांच्या ताळ्यात पुटआऊट २४ धरा, इथे उगाच घाबरायला होतं.

ताळा चुकला तर कुठे शोधायचं? ३९ बॅटर आले म्हणजे नऊ जणांच्या चार फेऱ्या, ३६, आणि वर तीन. म्हणजे ऑर्डरमधल्या पहिल्या तीन जागांना पाच पाच वेळा बॅटिंग मिळायला हवी आणि बाकी सहांना चार चार. बदली खेळाडू असेल तर दोघांचं मिळून धरा. ज्या जागेवर हा हिशोब तुटतो तिथेच ओळ हरवलीय, मग फक्त त्या बॅटरच्या फेऱ्या मूळ फोनवर किंवा कागदावर बघा, अख्खी मॅच चाळायची गरज नाही. समोरच्या पिचर्सनी तोंड दिलेल्या बॅटरची बेरीज पण ३९ च यायला हवी.

दोन्ही संघांचा ताळा जमला की मगच जुन्या फोनवरची मॅच डिलीट करायला हरकत नाही. मी तर तेव्हाही घटनांची मूळ फाईल सीझन संपेपर्यंत ठेवतो, एवढीशी तर असते.