गाईडपट्टी लावून प्लाय कापताना: ४ फुटाला जमतं, ८ फुटाला काहून बिघडतं

घरीच किचनचे डबे नाहीतर कपाट बनवायला निघालेल्या नवीन लोकांसाठी लिहून राहिलो. प्लाय १८ एमएम घ्यायचा की १९, एमआर की ७१० वाला, हे तुम्ही आधीच पाहिलं असेल, त्यात शिरत नाही. ७ इंची सर्क्युलर सॉ घरात आली आहे, क्लॅम्पवाली पट्टी (गाईड, जिला टेकवून मशीन सरळ चालवतात) घेतली किंवा घेणार आहात, असं धरून चालतो.

८ बाय ४ च्या शीटला आडवा, म्हणजे ४ फुटाचा कट मारा. पट्टी मस्त काम करते. टेप लावा, गुण्या लावा, सगळं बरोबर. मग माणूस खुश होतो आणि तशीच लांब पट्टी लावून ८ फुटाचा उभा कट मारतो, आणि तिथं घोळ होतो. पट्टी दोन टोकांना घट्ट धरलेली आहे पण मधे तिला कोणीच धरलेलं नाही. मशीन पट्टीपासून सुटू नये म्हणून आपण पुढं ढकलता ढकलता बाजूलाही रेटत असतो, आपल्याला समजतही नाही, आणि पट्टी मधोमध वाकते. २ बाय १ इंचाचा, दीड एमएम जाडीचा ॲल्युमिनियम पाइप आडवा ठेवून फक्त टोकांना धरला आणि मधे ५ किलोचा रेटा दिला तर हिशोबाने जवळपास ३ एमएम वाक येतो. म्हणजे चांगलं एक सूत! तोच पाइप ४ फुटावर धरला तर अर्धा एमएमसुद्धा नाही. लांबी दुप्पट झाली की तेवढ्याच रेट्याला वाक आठपट होतो, म्हणून ४ फुटावर हात बसला म्हणजे ८ फुटाचं जमलं असं समजू नका. तो पाइप उभा ठेवला तर आणखी वाईट, रुंद बाजू प्लायवर आडवी पाहिजे. आणि ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त गाईड बऱ्याच वेळा दोन तुकडे जोडून ८ फूट होतात, जोड येतो बरोबर मधे, जिथं जोर पडतो तिथंच.

आता खरी गंमत अशी की हे पकडायला आपण जे करतो त्यात ते सापडतच नाही. टेपने दोन्ही टोकं मोजतो, बरोबर येतात, कारण टोकाला पट्टी वाकलीच नाही. मग दोन्ही तुकडे पुन्हा एकमेकांना लावून पाहतो, तेही फिट बसतात. बसणारच ना बावा, एकीकडं जेवढा खड्डा तेवढंच दुसरीकडं पोट! काही जण पट्टीने रेघ मारून, पट्टी पलटवून पुन्हा रेघ मारतात. ती पट्टी मुळात सरळ आहे का एवढंच त्यानं कळतं, रेट्याखाली वाकते का ते नाही कळत, पेन्सिलीला कुठं आलाय ५ किलोचा जोर. माझ्या कपाटाचं दार वर आणि खाली टेकायचं आणि मधून उजेड दिसायचा, मी किती तरी वेळ बिजागऱ्यांचेच स्क्रू फिरवत बसलो होतो. दार सरळ होतं, कपाटाच्या बाजूला मधे खड्डा होता.

मोजायचं असेल तर कापलेली कड शीटच्या फॅक्टरी कडेला, म्हणजे न कापलेल्या मूळ कडेला लावा आणि मागून टॉर्च धरा. नाहीतर कडेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरा ताणा आणि मधे पाहा. एकाच पट्टीने कापलेल्या दोन बाजू एकमेकींना लावल्या तर फट दुप्पट दिसते, ते तर सगळ्यात सोपं.

घाबरू नका पण, शीट वाया जात नाही. पट्टी ज्या तुकड्यावर ठेवता त्याला खड्डा पडतो, समोरच्याला पोट येतं. पोट पुन्हा छाटता येतं. खड्डावालाही ४-५ एमएम पूर्ण लांबीत छाटून सरळ होतो, फक्त जोडीच्या दुसऱ्या बाजूलाही तेवढंच छाटा. २२ इंचाचा डबा पावणेबावीसचा झाला तर घरच्यांना कोणाला समजत नाही.

इथं जुन्या मिस्त्रींबद्दल बोलतो, राग नको. बल्लारशाच्या सागवानावर हात बसलेली ही माणसं, रेघेच्या बाहेर कापतात आणि मग रंध्याने रेघेवर आणतात, म्हणून त्यांना एक सूत इकडं तिकडं चालतं. मला एक काका म्हणाले होते, 'पट्टी न् क्लॅम्प काय करतं बे, हात सरळ ठेव.' सागवानाला ते खरं आहे. प्लायमधे एक थर उभा आणि एक आडवा असतो, रंधा मारला की आडवा थर उकलतो. प्लायची कड मशीनमधूनच सरळ निघाली पाहिजे. काकांकडून ब्लेडची धार ओळखायला शिका, लाकूड निवडायला शिका, प्लायचा कट शिकायला त्यांच्याकडं जाऊ नका.

उपाय महाग नाही. ६ एमएम प्लायची फूटभर रुंद, ८ फूट लांब पट्टी घ्या, तिच्या एका कडेशी फॅक्टरी कड आतल्या बाजूला ठेवून १२ एमएमची ३-४ इंची पट्टी फेविकॉल आणि स्क्रूने बसवा, ती बसवताना दोरा लावून सरळ आहे याची खात्री करा. सुकलं की मशीन त्या वरच्या पट्टीला लावून एकदा पूर्ण चालवा, खालच्या ६ एमएम प्लायचा जादा भाग कापला जाईल. आता जी कड उरली तिथंच ब्लेड चालणार, म्हणजे ती कड पेन्सिलच्या रेघेवर ठेवा, दोन टोकांना सी क्लॅम्प लावा आणि कापा. ब्लेडपासून मशीनच्या बूडपट्टीच्या (मशीन ज्या पत्र्यावर टेकते त्याच्या) कडेपर्यंतचं अंतर दर वेळी वजा करत बसायची कटकट गेली. आणि फूटभर रुंद प्लाय बाजूच्या रेट्याला जवळपास वाकतच नाही, विकतच्या ॲल्युमिनियमपेक्षा हे चांगलं, हे माझं ठाम मत आहे. पट्टी ठेवलेल्या बाजूचा वरचा थरही कमी उडतो. क्लॅम्पचा दांडा मात्र मशीनच्या मोटरला अडतो का ते बटण न दाबता एकदा पूर्ण सरकवून पाहा, अर्ध्या कटात अडकली तर फार वाईट.

कड साफ आणि रेटा कमी ठेवायचा तर ब्लेड, खालचा टेकू आणि व्होल्टेजही पाहा. २४ दातांचं ब्लेड प्लायला नको, कड फाटते, ४० ते ६० दातांचं घ्या. दात प्लायच्या खाली सूतभरच बाहेर निघू द्या. खाली चार बत्त्या (लाकडी पट्ट्या), कटच्या दोन्ही बाजूला दोन दोन, म्हणजे तुकडा खाली दबून ब्लेड आवळत नाही. आणि आमच्याकडं हरभऱ्याला पाणी द्यायचे पंप सुरू झाले की संध्याकाळी व्होल्टेज पडतं, मशीन दमते, कड काळी पडते आणि माणूस आणखी जोर लावतो. तसं झालं तर बंद करा, सकाळी कापा. शेजारून ओढलेली लांब पातळ वायरही तेच करते, अडीच स्क्वेअर एमएमची घ्या.

एक शॉर्टकट मात्र सांगूनही लोक सोडत नाहीत. ४ इंची मार्बल कटरला लाकडाचं दातेरी ब्लेड लावून कापू नका. तो मिनिटाला १२-१३ हजार फेरे घेतो, ब्लेडवर लिहिलेली मर्यादा बऱ्याच वेळा त्याच्या खाली असते, खालून झाकण नाही, झटका आला की हातावर येतो. गावात सगळे वापरतात, माहीत आहे. तरी नको.

ती ६ एमएमची पट्टी भिंतीला तिरपी टेकवू नका, पावसाळ्यात पीळ पडतो, आडवी ठेवा किंवा टांगा. आणि तिच्यावर मार्करने मशीन आणि ब्लेड लिहून ठेवा, कारण दुसऱ्या जाडीचं ब्लेड लावलं की तिची कड आणि कट यांचं जुळत नाही, मग नवीन कड कापावी लागते.