वर्डप्रेसची थीम अपडेट करायची, पण साइट मोडू द्यायची नाही

‘आधी बॅकअप घ्या, मग अपडेटचं बटण दाबा’ एवढं सांगून मोकळे होणारे व्हिडिओ ढिगाने सापडतात. (वर्डप्रेस म्हणजे साइट चालवणारं सॉफ्टवेअर, थीम म्हणजे साइटचं रूप ठरवणारा फायलींचा संच.) बॅकअप घ्यायचाच, त्यात वाद नाही. पण त्याचा उपयोग साइट मोडल्यावर. तो परत चढवला की तुम्ही पुन्हा जुन्याच थीमवर येता आणि अपडेट राहतं तसंच.

मी वरूड-मोर्शीकडच्या संत्रा उत्पादक कंपन्या, एखादी कापसाची जिनिंग, शाळा, ताडोबाजवळचे होमस्टे अशांच्या साइट सांभाळतो. त्यातल्या बहुतेक दुसऱ्याच कुणीतरी बनवलेल्या असतात. बनवणारा पोरगा पुण्याला नोकरीला लागलेला असतो, फोन उचलत नाही, आणि थीमच्या फायलींत त्याने काय काय करून ठेवलंय हे कुणालाच ठाऊक नसतं. थीमचं अपडेट महागात पडतं ते अशाच साइटवर.

वेळ आणि बॅकअप

हंगामात हात लावू नका. संत्र्याच्या आंबिया बहाराची तोड नोव्हेंबर-डिसेंबरात, मृगाची फेब्रुवारी-मार्चात. व्यापारी साइट उघडून बघतो ते याच दिवसांत. ताडोबाचा कोअर भाग जुलै ते सप्टेंबर बंद असतो, तेव्हा होमस्टेचं काम उरकून घ्यावं. अपडेट सुरक्षेचं असेल तर मात्र हंगाम-बिंगाम पाहत बसू नये, लगेच करावं. बॅकअप फायलींचा आणि डेटाबेसचा, दोन्हींचा घ्या आणि त्याची झिप (एकत्र बांधलेली फाइल) आपल्या लॅपटॉपवर उतरवून ठेवा. होस्टिंगवरच, म्हणजे साइट राहते त्या सर्व्हरवरच, पडलेला बॅकअप मी बॅकअप मानत नाही.

थीमचं ऑटो-अपडेट सुरू असेल तर पुढचं काम होईपर्यंत ते बंद ठेवा. २०२० च्या ५.५ आवृत्तीपासून ही सोय थेट वर्डप्रेसमध्येच आहे, आणि कुणीतरी कधीतरी ती सुरू करून ठेवलेली असते.

थीमच्या फायलींत कुणी हात घातलाय का, ते शोधा

खरं काम इथे आहे. अपडेट होतं म्हणजे सर्व्हरवरचा थीमचा अख्खा फोल्डर काढला जातो आणि त्या जागी नवा येतो. त्या फोल्डरातल्या फायलींत कुणी एक ओळ जरी घातली असेल तरी ती गेली. मूळ थीममध्ये बदल करणं म्हणजे दुसऱ्याच्या वावरात आपली विहीर खोदणं.

एका कंपनीच्या साइटवर ‘आजचे भाव’ हा मथळा अपडेटनंतर विचित्र दिसू लागला. शिरोरेषेत फटी पडल्या आणि अक्षरं सुटी सुटी झाली. फोन आला, “भाऊ, अक्षरं तुटून राहिली ना!” झालं होतं असं: थीमने मथळ्यांच्या अक्षरांमध्ये जास्तीचं अंतर ठेवलं होतं. रोमन लिपीत ते छान दिसतं, देवनागरीत शिरोरेषा तोडतं. आधीच्या पोराने थीमच्या स्टाइल डॉट सीएसएसमध्ये (रंग, अक्षरं, अंतरं ठरवणाऱ्या फायलीत) ते अंतर शून्य केलं होतं, ओळींची उंचीही वाढवली होती, म्हणजे वेलांट्या नि रफार कापले जाणार नाहीत. दुरुस्ती बरोबर होती, जागा चुकीची होती.

असे बदल डोळ्यांनी शोधू नका. थीमची चालू आवृत्ती स्टाइल डॉट सीएसएसच्या वरच्या ओळींत लिहिलेली असते. नेमक्या त्याच आवृत्तीची कोरी झिप उतरवा. वर्डप्रेसच्या अधिकृत साठ्यातल्या थीमच्या जुन्या आवृत्त्याही मिळतात. मग साइटवरचा फोल्डर आणि कोरा फोल्डर विनमर्ज या मोफत प्रोग्रॅममध्ये शेजारी शेजारी उघडा. कोणत्या फायलीत कोणती ओळ वेगळी आहे ते रंगासकट दिसतं. विकतच्या थीमची जुनी कोरी प्रत मिळत नसेल तर होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमध्ये तारखा बघा. बाकी सगळ्या फायली एका दिवसाच्या आणि दोन-तीनच नंतरच्या दिसल्या, तर हात कुठे घातलाय ते कळलं. आणि थीम विकतची असून कुठून तरी फुकट उतरवलेली असेल, तर ती अपडेट करायच्या भानगडीत पडू नका. अशा झिपमध्ये बाहेरचा कोड घुसवलेला असणं नेहमीचं आहे. थीम बदला.

चाइल्ड थीम

सापडलेले बदल चाइल्ड थीममध्ये, म्हणजे मूळ थीमवर टेकून चालणाऱ्या पण तिच्या अपडेटने न पुसल्या जाणाऱ्या छोट्या थीममध्ये, हलवायचे. थीम्सच्या फोल्डरात नवा फोल्डर करायचा, त्यात स्टाइल डॉट सीएसएस आणि तिच्या वरच्या भागात ‘टेम्प्लेट’ या ओळीत मूळ थीमच्या फोल्डरचं नाव, अक्षरन् अक्षर तेच. एवढं सगळेच सांगतात. न सांगितलेलं पुढे आहे.

पहिलं म्हणजे फंक्शन्स डॉट पीएचपी (थीमचा कोड असलेली फाइल) कधीही अख्खी कॉपी करू नका. हेडर किंवा फुटरची (पानाच्या वरच्या किंवा खालच्या पट्टीची) फाइल चाइल्डमध्ये ठेवली की मूळ फायलीऐवजी ती चालते. फंक्शन्सचं तसं नाही. चाइल्डची फाइल आधी चालते आणि मूळचीही चालतेच. एकाच नावाचं फंक्शन दोनदा आलं की साइट बंद. स्वतः घातलेल्या ओळी तेवढ्याच न्यायच्या.

दुसरी गोष्ट मला बराच काळ छळत होती. चाइल्ड थीम सुरू केली की लोगो गायब, रंग मूळचे, ‘अतिरिक्त सीएसएस’ची पेटी रिकामी. लोक घाबरून परत मूळ थीमवर जातात आणि चाइल्ड थीमला कायमचा रामराम ठोकतात. हरवलेलं काहीच नसतं. कस्टमायझरमधली (थीमचं रूप बदलायच्या पानावरची) बरीच सेटिंग वर्डप्रेस डेटाबेसमध्ये थीमच्या फोल्डरच्या नावाने साठवतं. फोल्डर नवा, म्हणून खातं रिकामं. मेन्यू बहुधा आपोआप जुळतो, बाकीचं नाही. काही थीम आपली सेटिंग वेगळ्या नावाने ठेवतात, तिथे रंग टिकतात. पण त्या भरवशावर राहू नका. चाइल्ड सुरू करण्याआधी कस्टमायझरच्या प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट घ्या, अतिरिक्त सीएसएस नोटपॅडमध्ये चिकटवा, मग नव्याने भरा. एक्स्पोर्ट-इम्पोर्टची प्लगिन (वर्डप्रेसला जोडायचे छोटे प्रोग्रॅम) आहेत, छोट्या साइटला हाताने लवकर होतं.

तिसरं, चाइल्डमध्ये कमीत कमी फायली ठेवा. तिथे ठेवलेली हेडरची फाइल मूळ थीमच्या अपडेटने बदलत नाही. मूळ हेडरमधली एखादी चूक कंपनीने सुधारली तरी तुमच्याकडे जुनीच चालत राहते. जे काम सीएसएसच्या चार ओळींत होतं त्यासाठी फाइल कॉपी करणाऱ्यांवर माझा राग आहे.

साइट एडिटरने (साइटची रचना पडद्यावरच बदलायच्या सोयीने) चालणाऱ्या नव्या ब्लॉक थीममध्ये तिथले बदल डेटाबेसमध्ये असतात, अपडेटने पुसले जात नाहीत. उलट तुम्ही बदललेल्या टेम्प्लेटवर (पानाच्या साच्यावर) थीमची नवी रचना दिसतच नाही, मग ‘अपडेट झालंच नाही’ असं वाटतं.

आता अपडेट

आधी साइटच्या प्रतीवर. होस्टिंगमध्ये स्टेजिंग (चाचणीच्या प्रतीची सोय) असेल तर ते, नाहीतर सबडोमेनवर प्रत करा. प्लगिन, थीम आणि वर्डप्रेस एकाच वेळी निवडून अपडेट करू नका. बिघडलं तर कशाने, ते कळणार नाही. प्रतीवर ठीक दिसलं की खऱ्या साइटवर बटण दाबा, कॅशे (साठवून ठेवलेली जुनी पानं) रिकामा करा. मग फोनवर मराठी मथळे, संपर्काचा फॉर्म आणि ऑर्डरचं पान बघा. फॉर्म नुसता बघू नका, भरून पाठवा.

लाईन गेली किंवा नेट तुटलं आणि साइटवर देखभालीचा संदेश अडकून बसला, तर घाबरायचं कारण नाही. साइटच्या मुख्य फोल्डरात टिंबाने सुरू होणारी मेंटेनन्स नावाची फाइल असते, ती काढून टाका. ती लपलेली असते, म्हणून फाइल मॅनेजरच्या सेटिंगमध्ये लपलेल्या फायली दाखवायला सांगा. नंतर अपडेट पूर्ण झालं का तेही तपासा.

साइट पांढरी पडली तर अख्खा बॅकअप चढवायची घाई करू नका, मधल्या वेळेत आलेल्या ऑर्डरी जातील. थीमचा नवा फोल्डर दुसरं नाव देऊन बाजूला करा आणि लॅपटॉपवरच्या झिपमधला जुना फोल्डर मूळ नावाने तिथे ठेवा. वर्डप्रेस २०१९ पासून अशा वेळी रिकव्हरी मोडची (बिघाड बाजूला ठेवून अ‍ॅडमिनमध्ये शिरायची) लिंकही मेलने पाठवतं. पाठवतं अ‍ॅडमिनच्या पत्त्यावर, आणि आपल्याकडच्या अर्ध्या साइटवर तो पत्ता अजून त्या पुण्याला गेलेल्या पोराचाच असतो. सेटिंग, जनरल इथे जाऊन आजच बदला. नव्या पत्त्यावर खात्रीचा मेल येतो, त्यातली लिंक दाबल्याशिवाय बदल लागू होत नाही.