रफ वापरायला जुनी फ्रेंच गाडी: घ्यायचीच असेल तर अशी घ्या

सोलापुरात जुनी मारुती विकायला काढली तर चहा थंड व्हायच्या आत गिऱ्हाईक येतं. रेनो या फ्रेंच कंपनीची गाडी काढली तर लोक येतात, चारी बाजूंनी बघतात, 'पार्ट मिळतात का हो?' विचारतात आणि निघून जातात. ती स्वस्त पडते ती यामुळे. गाडी वाईट असते म्हणून नव्हे, निदान दरवेळी नव्हे. रोज एमआयडीसीला जायला, शेतावर खताची पोती न्यायला, पोराला शिकवायला, कुणी घासून गेलं तरी जीव वरखाली होणार नाही अशी गाडी हवी असेल, तर हा सौदा जमू शकतो. मी स्वतः गेली पाच वर्षं एक जुनी रेनो लोगन डिझेल फिरवतोय. पहिल्याच उन्हाळ्यात मी तिच्यापायी हात पोळून घेतले, ते पुढे येईलच.

आधी मिस्त्री, मग गाडी

गाडी बघायच्या आधी गॅरेज बघा. अक्कलकोट रोडला असो नाहीतर होटगी रोडला, विचारायचं एकच: 'डस्टरचा किंवा लोगनचा टायमिंग बेल्ट शेवटचा कधी बदललात?' 'होऊन जाईल की मालक,' असं उत्तर आलं तर पुढचं गॅरेज गाठा. ज्याने काम केलंय तो बेल्ट (इंजिनातला रबरी पट्टा) कुठून मागवतो आणि किती दिवसांत येतो, हे न अडखळता सांगतो. पार्ट पुष्कळदा पुण्याच्या नाना पेठेतून किंवा हैदराबादहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत येतो आणि पहाटे तो उतरवून घ्यायला तुम्हालाच जावं लागतं. एवढी यातायात नको असेल तर सरळ वॅगनआर घ्यावी. त्यात कमीपणा काही नाही.

कोणती घ्यायची

नव्वदच्या दशकात कल्याणला बनलेली प्यूजो ३०९ आता हौशी लोकांची. सिट्रोएन आपल्याकडे आली २०२१ मध्ये, तिला अजून म्हातारी म्हणवत नाही. राहता राहिली रेनो, आणि तिच्यातही सगळ्या गाड्या सारख्या नाहीत.

माझी पहिली पसंती लोगनला. २००७ मध्ये महिंद्राच्या जोडीने ती बाजारात आली, नाशिकला बनायची. रेनो भागीदारीतून बाहेर पडल्यावर हीच गाडी २०११ पासून व्हेरिटो नावाने विकली गेली. दिसायला टपाल पेटीसारखी, पण डिकी ५१० लिटरची आणि मागे तीन धडधाकट माणसं ऐसपैस बसतात. तिचं १.५ लिटरचं डीसीआय डिझेल इंजिन, म्हणजे के९के, हाच या सगळ्या व्यवहाराचा कणा आहे. थोड्याफार फरकाने हेच इंजिन रेनोच्या डस्टर, स्काला, पल्समध्ये आहे आणि निसानच्या टेरानो, सनी, मायक्रामध्येही. म्हणून दुकानात 'रेनोचा पार्ट आहे का' असं विचारू नका. इंजिनाचं नाव आणि जुन्या पार्टवरचा नंबर सांगा. मान हलवून नाही म्हणणारा दुकानदार कधीकधी सनीच्या खोक्यातून तोच फिल्टर काढून देतो.

डस्टर २०१२ मध्ये आली. तिच्यात डिझेलचे ८५ आणि ११० हॉर्सपॉवरचे प्रकार आहेत. रफ वापराला ८५ पुरे. फोर व्हील ड्राइव्ह आणि ऑटोमॅटिकच्या वाटेला जाऊ नका. स्काला आणि पल्स म्हणजे निसानच्या सनी आणि मायक्राच वेगळ्या चेहऱ्याने. इंजिनाचं काम भागतं, पण पुढचा बंपर किंवा दिवा फुटला की शोधत बसा. क्विड (२०१५) गावातल्या गावात चांगली. चाकाला तीनच नट, ७९९ सीसीचं पेट्रोल इंजिन, खर्च माफक. पण २०१६ च्या ग्लोबल एनकॅप धडक चाचणीत तिला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले होते. पुणे-हैदराबाद हायवेवर उसाच्या ट्रॉल्यांमधून बायकापोरं घेऊन तिच्यातून जाऊ नये, असं माझं मत. फ्लुएन्स आणि कोलिऑस कितीही स्वस्त मिळोत, नमस्कार करून परत या. माझे मेहुणे फ्लुएन्सच्या गादीवर भाळले होते. त्यांना तिथून हाताला धरून आणावं लागलं.

सकाळी सातला जा

आदल्या दिवशी फोनवर सांगून ठेवा, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर आधी बॉनेटवर तळहात ठेवा. कोमट लागला तर थंड इंजिन चालू व्हायला कुरकुरतंय आणि ते तुमच्यापासून लपवलंय, असं समजा.

इंजिन थंड असतानाच कूलंटच्या टाकीचं झाकण काढा. आत रंगीत, स्वच्छ कूलंट दिसायला हवं. माझ्या लोगनच्या टाकीत चहाच्या रंगाचं पाणी होतं. आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलेलं. आपल्याकडचं बोअरचं पाणी कसलं असतं ते घरातल्या गीझरला विचारा. रेडिएटरमध्येही तसाच पांढरा थर बसतो. मला ते दिसलं होतं, पण 'नंतर बघू' म्हणून मी पैसे मोजले. मे महिन्यात, पारा त्रेचाळीसला, तुळजापूरच्या घाटात बॉनेटमधून वाफ निघाली. गॅस्केट गेलं, इंजिनाचं हेड काढून फेसिंगला (घासून सपाट करायला) द्यावं लागलं, आणि गाडीच्या किमतीचा चौथा हिस्सा तिथे गेला. मिस्त्री हात पुसत एवढंच म्हणाला, 'मालक, तुम्ही रंग बघून घेतली. पाणी बघायचं असतं.'

आता गाडी चालू करा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. ॲक्सिलरेटर दाबल्यावर काळ्या धुराचे लोट म्हणजे इंजेक्टर, टर्बो नाहीतर एअर फिल्टर बघायला हवा. तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर सौदा तिथेच थांबवा. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण सैल करून जागेवरच ठेवा. ते थडथड उडत असेल आणि धूर फेकत असेल तर बॅक कम्प्रेशन आहे, म्हणजे इंजिन आतून झिजलंय.

मग टायमिंग बेल्ट. या डिझेल इंजिनात साखळी नाही, रबरी पट्टा आहे. तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन खोलावं लागतं. 'आत्ताच बदललाय' यावर बिल दाखवल्याशिवाय विश्वास ठेवू नका. बिल नाही म्हणजे बदललेला नाही, असं धरूनच भाव करा.

लोगन आणि व्हेरिटो टॅक्सीत खूप चालल्या, त्यामुळे मीटरवरच्या आकड्यापेक्षा पेडलचं रबर, गिअरची मूठ आणि ड्रायव्हर सीटची कड जास्त खरं बोलतात. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढा. टोकाला चिखलाचा डाग असेल तर गाडी पाण्यात बुडालेली असू शकते. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीला पूर आला होता, हे लक्षात असू द्या. किल्ल्या दोन्ही मागा. आत चिप असते, हरवली तर नवी कोडिंग करून घ्यावी लागते.

चालवून बघताना सात रस्त्याची गर्दी आणि विजापूर रोडचा मोकळा पट्टा, दोन्ही करा. चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिन ओरडतंय पण गाडी पुढे सरकत नाही, तर क्लच संपलाय. परत आल्यावर उन्हात एसी लावून वीस मिनिटं उभी ठेवा आणि इंजिन तापतं का बघा. बहुतेक जण इथे कंटाळतात.

कागद

आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून पाहा. बँकेचा बोजा असेल तर तो उतरवायला एनओसी आणि फॉर्म ३५ हवा. ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३०. ई-चलनं आधी फेडून घ्या. विजापूर किंवा कलबुर्गी पासिंगची गाडी स्वस्त दिसते, पण तिला तिकडच्या आरटीओची एनओसी आणि इकडचा रोड टॅक्स लागतो. तो धरून बेरीज करा. पंधरा वर्षं पूर्ण होत आलेली गाडी तर फार विचार करून घ्या. २०२२ पासून मोटारीच्या रीपासिंगची फी ५,००० रुपये झाली, त्यावर पर्यावरण कर आणि पास होण्यासाठी करावी लागणारी डागडुजी वेगळी. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेट बसवलेली आहे का तेही बघा. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करायला घ्या. नो क्लेम बोनस जुन्या मालकाकडेच राहतो.

भाव आणि पहिला आठवडा

मनात ठरवलेल्या रकमेचे तीन भाग करा. दोन भागांत गाडी बसली पाहिजे, तिसरा मिस्त्रीचा. विकणारा अडून बसला तर बसू दे. या गाड्यांना गिऱ्हाईक नाही हे त्यालाही माहीत असतं, आठ दिवसांनी फोन येतो.

घरी आणण्याआधी गाडी थेट गॅरेजला न्या. बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकदमच बदला, कारण मजुरी एकदाच पडते. इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर नवे, डिझेल फिल्टर नवा. या इंजेक्टरना कचरा अजिबात सोसत नाही. कूलिंग सिस्टिम धुऊन त्यात कूलंट भरा, बोअरचं पाणी नको. डेंटिंग-पेंटिंगला मात्र हात लावू नका. पोचे आहेत तसेच राहू द्या, त्यासाठीच ही गाडी घेतलीय. आणि मिस्त्रीकडून बेल्टच्या कव्हरवर पांढऱ्या पेंटने तारीख आणि किलोमीटर लिहून घ्या. उद्या तुम्ही विकायला काढाल तेव्हा 'बेल्ट कधी बदललाय' म्हणून विचारणाऱ्याला बॉनेट उघडून दाखवता येईल.